लाकडी ठोकळ्यांवर उचललेली गाडी

साठ-एकसष्टच्या सुमारास माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली एक पिकअप होती. सर्जापूरच्या वाटेने भाजी आणताना तिचं पोट दगडांना घासायचं आणि गोळा माझ्या पोटात यायचा. मी मुळात भित्रा, आणि धंदा निवडला गाडी हाकण्याचा.

गाडी उंच करायचे तीन मार्ग मिस्त्रीने सांगितले. मोठी चाकं घातली तर ती वळणावर मडगार्डला घासणार. स्प्रिंगला एक पाटा वाढवला तर गाडी कडक होऊन टोमॅटोची वाटेतच चटणी होणार. तिसरा मार्ग स्वस्तातला: ॲक्सल आणि स्प्रिंगच्या मध्ये लाकडी ठोकळे बसवायचे आणि लांब बोल्टांनी आवळायचे. अर्थात मी तोच धरला.

"सार, लाकूड दबतं," मिस्त्रीने आपल्या कानडी ढंगात बजावलं. "दहा मैल झाले की बोल्ट परत आवळा. ठोकळा निसटला तर गाडी आडवी होईल."

हे काम खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पाने, जॅक, हातोडा सगळं देवापुढे मांडून हळदकुंकू वाहिलं. दुपारी निरोप आला, बेळ्ळंदूरच्या पुढे सासरी असलेल्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. दसरा झाला की तिला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण बाळाला दम निघाला नाही. मी पान्याकडे हात नेला.

"पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही," आई म्हणाली. "बाळंतपणासाठी बहिणीला आणायला निघालास, आणि अपशकुन करून जाणार?"

मी ऐकलं. श्रद्धेने नव्हे. काही वाकडं झालं तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल, या भीतीने.

जाताना गाडी नीट चालली. येताना मागे गादीवर बहीण, आणि तिला धरून तिची सासू. तळ्याच्या बांधावर मागून ठक् आवाज आला. उतरून वाकून पाहिलं, तर ठोकळा बोटभर बाहेर सरकलेला आणि बोल्ट नुसत्या हाताने फिरत होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल उतार. बोटं सोलवटेपर्यंत आवळला, पण बोटांनी असा कितीसा आवळणार?

"अण्णा, काय झालं रे?"

"काही नाही. दगड अडकला होता."

मग बैलगाडीच्या चालीने निघालो. बहीण कण्हली की वाटे, गाडी दामटावी. ठक् झालं की वाटे, इथेच थांबावं. उशीर केला तर ती वाटेतच बाळंत होणार, घाई केली तर सगळेच तळ्यात. इतका घाबरलो होतो की देवाचं नावसुद्धा आठवेना.

कसेबसे दवाखान्यात पोचलो. अर्ध्या तासात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

संध्याकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा बहीण हसली. "सासूबाई वाटभर रामराम म्हणत होत्या. मला नाही बाई भीती वाटली. अण्णा चालवतोय म्हटल्यावर कसली भीती?"

पाना घरी ठेवून मी तिला आणायला गेलो होतो, हे तिला आजतागायत सांगायचं धाडस मला झालेलं नाही.