चुकलेला विसावा

चांगूच्या गॅरेजात गाडी आली की तो तिला आधी बोलू देतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आन् डोळे मिटायचे. पोलादपुरात हायवेच्या कडेला त्याची पत्र्याची शेड. तरुणपणी तो महाडच्या एमआयडीसीत टँकर दुरुस्त करायचा. तिथल्या एका पंख्यानं त्याच्या करंगळीचं पेर नेलं. ते आपण पंख्याला वाहिलं, असं तो हसत सांगतो. देवाला नमस्कार करतो, पण भुताला मोजत नाय. भूत असतं तर एव्हाना गॅरेजात ऑइल बदलायला आलं असतं, हे त्याचं ठरलेलं बोलणं.

हे बोलणं त्यानं एका उन्हाळ्यात बंद केलं, त्याची ही गोष्ट.

बोरीचा कोंड ही खिंडीपलीकडची वाडी. तिथनं पोलादपूरला यायचं तर आधी उभी चढण, मग खिंड, मग नदीपर्यंत उतार. मसण नदीकाठी. चढणीच्या अर्ध्यावर, वडाखाली एक चपटा काळा दगड हाय, तो विसावा. घरातून मयत निघालं की तिथं एकदा तिरडी टेकवायची, पुढच्यांनी मागं जायचं, मागच्यांनी पुढं. दगडावर तांदूळ ठेवायचे आन् मागं न बघता उठायचं. मेलेल्याला पण चढण लागते, असं जुनी माणसं म्हणतात.

गोमाजी जन्मभर मुंबईत टॅक्सी चालवून मुंबईतच गेला. ॲम्ब्युलन्सनं घरी आणला, पण कोंडात खांदा द्यायला माणसं पुरेनात. तरणी पोरं सगळी मुंबईला. मग त्याच ॲम्ब्युलन्सनं मसणापर्यंत न्यायचं ठरलं. चांगू त्याचा लहानपणचा सोबती, तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला. चढणीवर क्लचचा जळका वास यायला लागला. विसाव्याशी म्हातारी माणसं हात करून उभी होती. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला तसा चांगू बोलला, "थांबवू नको. परत उठायची नाय. घे वर."

ड्रायव्हरनं गाडी वर घेतली. मयत टेकलंच नाय. उभ्या कोंडानं ते बघितलं.

गोमाजीची टॅक्सी दारात होती. जुनी फियाट, मुंबईत तिची मुदत संपली तेव्हा त्यानं गावी आणलेली. अंग काळं, टप पिवळा, आन् डाव्या अंगाला काचेबाहेर जुना मीटर तसाच. मीटरचा झेंडा गंजून वरच चिकटलेला. मीटर जिच्यावर चालतो ती केबल चांगूनंच काढून गॅरेजात खिळ्याला टांगली होती. गोमाजीची पोरगी सेजल एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात लॅबला कामाला होती, ती ही गाडी घेऊन जायची. वर्ष सरलं, चैत्र तापला आन् गाडी विसाव्याच्या दगडाशी उकळायला लागली. काटा लालात, झाकणातून वाफ. थोडा वेळ उभी केली की शहाण्यासारखी चालायची. आन् उकळायची ती जाताना. येताना कधी नाय. मयत जातं त्याच अंगाला.

कोंडात कुजबुज सुरू झाली. गोमाजी आपला विसावा मागतोय. चांगूला तोंडावर कोणी काय बोललं नाय, पण त्याच्या टपरीवरच्या चहाला सोबत कमी झाली. गाडीत दोष निघाला तर बरं. नाय निघाला, तर तो कुणाचा, हे कोंडाला माहीत होतं. चांगूलाही.

सेजल गाडी आणून सोडायला आली तेव्हा आई, प्रयागबाई, सोबत होती. सेजलचं म्हणणं सरळ होतं, दुरुस्त होत नसेल तर भंगारात घाला, मला रोजची नोकरी आहे. प्रयागबाई गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजी," ती बोलली, "यंत्रात काय नसंल तर तसं सांगा. मंग मला त्यांची समजूत घालाया पायजे."

समजूत घालाया. जणू गोमाजी ओटीवर रुसून बसलाय.

चांगूनं गाडी खोलली. पंख्याचा पट्टा ताणून बघितला, ठीक. रेडिएटर काढून उलटा धुतला. पाणी तापलं की उघडतो तो थर्मोस्टॅट चहाच्या टोपात उकळून बघितला, तो वेळेवर उघडला. पाण्याचा पंप फिरत होता. मग गाडी शेडमध्ये चालू ठेवली आन् डोळे मिटून कान लावला. दुपारभर चालली. काटा अर्ध्याच्या वर गेला नाय. इंजिन मांजरीसारखं घुरघुरत होतं. दोष काय सापडला नाय.

दुसऱ्या दिवशी सेजलला घेऊन तो कोंडातनं निघाला. टळटळीत बाराची वेळ, त्या वेळेला आपल्याकडं कोणी बाहेर पडत नाय. वारा नाय, पाखरू नाय. साग निष्पर्ण उभे. दगड दिसला आन् काटा चढला, कुणीतरी आतून बोटानं ढकलल्यागत.

चांगूनं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाय. बॉनेट उघडलं. कान लावायला वाकला आन् थबकला. ऐकून झालं होतं, बघायचं राहिलं होतं. त्यानं डोळे उघडे ठेवले, सेजलला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला.

रेडिएटरच्या खालची रबरी नळी चपटी झाली. जाड नळी, तिच्यातून पाणी पंपाकडं जातं. ती हळूहळू आत गेली, गळा दाबल्यागत. रबरावर चार खळगे पडले, एका शेजारी एक. सेजलनं पाय काढला, नळी फुगली. पुन्हा दाबायला लावला, पुन्हा तेच चार खळगे.

आतली तारेची स्प्रिंग गंजून खलास झाली होती. नळी तापून मऊ झालेली, चढणीला पंप जोरात ओढायचा, नळी मिटायची, पाणी अडायचं. थांबलं की मोकळी. पोलादपूरच्या बाजूची चढण आखूड, म्हणून येताना काय होत नव्हतं. चांगू दगडाकडं बघून मोठ्यानं हसला. हसू त्या उन्हात पडून राहिलं, डोंगरानं परत दिलं नाय.

महाडहून नवी स्प्रिंगवाली नळी आणून बसवली. प्रयागबाईला त्यानं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं, आन् मला घेऊन एकदा जाऊन बघा, एवढंच बोलली. लुगड्याच्या ओच्यात तिनं काहीतरी बांधून घेतलं होतं. ती पुढं बसली, चांगूच्या शेजारी. मागची सीट रिकामी.

बारालाच निघाले. दगड आला. काटा अर्ध्यावर, ढळला नाय. इंजिन गार. चांगूचं काम झालं होतं, पुढं निघून जायचं होतं. पण त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरनं उचलला गेला. कुणी थांबव म्हटलं नव्हतं. त्यानं हँडब्रेक ओढला.

प्रयागबाई उतरली, ओच्यातले तांदूळ दगडावर ठेवले. चांगू उतरला, उगाच गाडीला वळसा घालून पुन्हा आपल्या जागी आला. दोघं बसले.

"चला," ती बोलली. "मागं नका बघू."

गाडी उठली आन् डाव्या अंगाला खट् झालं. मीटरचा झेंडा खाली पडला होता. मुंबईत झेंडा पडला म्हणजे पॅसेंजर बसला. खड्ड्यानं पडला असंल, चांगू मनात बोलला. मग मीटर टिकटिकायला लागला.

मीटरची केबल गॅरेजात खिळ्याला होती. चांगूनं हात वर केला आन् आरसा छताकडं वळवला. गाडी आता मागून खाली दबल्यासारखी चालत होती. खिंड ओलांडली, उतार सरला. मसणाच्या फाट्याशी त्यानं गाडी उभी केली. उतरून मागचं दार उघडलं, माणूस उतरायला लागेल तेवढं थांबला, दार लावलं. टिकटिक थांबली. प्रयागबाई नदीकडं बघत बसली होती. रडली नाय.

झेंडा वर करायला चांगूला दोन्ही हात पुरले नाय. शेवटी हातोडी लागली.

सेजल अजून त्याच गाडीनं महाडला जाते, काटा अर्ध्यावर असतो. कोणी विचारलं तर चांगू जुनी नळी काढून दाखवतो, दोष इथं होता म्हणतो, आन् ते खरं हाय. शेजारच्या खिळ्याला मीटरची केबल लोंबते. तिच्याबद्दल विचारलं तर तो स्क्रूड्रायव्हर उचलतो आन् कुठल्यातरी इंजिनाला कान लावतो. डोळे मात्र आता मिटत नाय.