अण्णांचे नाक

सकाळचे सात वाजत आले की आमच्या बोळात आधी ओल्या पोत्याचा वास येई. मग वाळल्या गवताचा, मग शेजारी कुणी भाकरी शेकत असावे तसा. आणि दूधवाल्याची किटली दाराशी टेकेपर्यंत तो दाट, तांबूस, घशाच्या आत उतरणारा वास, ज्याच्यापुढे प्रत्यक्ष कॉफीचा पेला मला नेहमी थोडा उणा वाटत आला आहे. पाठोपाठ पिंपाचे झाकण उघडल्याचा खणखणाट होई, आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तशा बिया चाळणीत कोसळत.

तुम्ही खडेबाजारातून कधी सकाळी गेला असाल तर हा वास तुम्हीही घेतला असेल. त्याच्यामागचा माणूस मात्र तुम्हाला दिसला नसेल. कॉफी भाजून विकणाऱ्या अण्णांचे दुकान रस्त्याच्या तोंडाशी होते, भाजायचे फिरते पिंप मागच्या अंगणात, आणि त्या अंगणावर आमच्या घराची गॅलरी. त्यामुळे मी त्यांना अनेक वर्षे वरूनच पाहिले: पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि पिंपाची मूठ फिरवणारा एक सावकाश हात. मधूनच ते चार बिया बाहेर काढत, दोन्ही तळव्यांत चुरडत, आणि आरतीची ज्योत घ्यावी तशी ती ओंजळ चेहऱ्यापाशी नेत. डोळे मिटत. मग पुन्हा मूठ धरत आणि पुटपुटत, "घाई न्हाय."

हे ते बियांना सांगत, असा माझा समज होता. पुढे कळले की सगळ्यांनाच सांगत. पुडी बांधताना गिऱ्हाईक घड्याळ बघू लागले तरी तेच, आणि आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जेवायला हाक मारली तरी तेच. आक्का म्हणत, "ह्यांची वरात बी घाई न्हाय घाई न्हाय म्हणत दुपारी पोचलीती. भात गार झालता सगळा."

अण्णा मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत पानाची पारख करत. पान नाकाशी धरून ते कोणत्या शिवारातले हे सांगत म्हणे. मुलाने तंबाखू सोडली, कॉफी धरली, पण नाक तेवढे वडिलांकडून आणले. चाळीस वर्षे दळायच्या यंत्राशेजारी बसून कान मात्र अर्धे गेले होते. भाजताना बियांचा जो बारीक तडतडाट होतो, तो त्यांना ऐकू येत नसे. रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. "रंग दिसंपर्यंत आतलं काम हून गेलेलं असतंय," असे म्हणत. उरले नाक. त्या दुकानाचा सगळा डोलारा नाकावर उभा होता.

आणखी एक गंमत होती. हॉटेलांना लागणाऱ्या पुडीत चिकोरी भरपूर असे. तिच्यामुळे कॉफीला रंग येतो, दूध-साखरेपुढे ती टिकते. पण चिकोरी म्हणजे मूळ, आणि अण्णा कंदमूळ न खाणारे जैन. गावभर चिकोरीची कॉफी पुरवणारा हा माणूस स्वतः निव्वळ बियांची कॉफी पीत असे, तीही सूर्य मावळायच्या आत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "गिऱ्हाईकाची जीभ गिऱ्हाईकाची, बाई. आपली आपली." मी कॉलेजात शिकवते, म्हणून मी बाई. आक्का तर कॉफीच पीत नसत. त्या वासाने त्यांचे डोके उठे. पिंप तापले की त्या स्वयंपाकघराचे दार लावून आत आल्याचा चहा उकळत.

मग ते टाळेबंदीचे दिवस आले. पहिल्याच आठवड्यात हॉटेले बंद झाली आणि बोळातला वास थांबला. त्या शांततेपेक्षा मला तो नसलेला वास अधिक भीती घालून गेला. अण्णांचे गिऱ्हाईक म्हणजे बाजारातली दहा-बारा हॉटेले. सकाळी इडली-वडा, मागोमाग वाटीतली कॉफी. कोर्टातले वकील, बँकेतले कारकून, रविवारी डोशासाठी रांग लावणारी घरे. ते सगळे आपापल्या दारांआड गेले. अण्णा अंगणात थंड पिंपाशेजारी बसून राहत.

दोन-तीन आठवड्यांनी, सामान आणायची सवलत मिळाली तेव्हा, बोळात एक नवा आवाज सुरू झाला. सकाळी घरोघर मिक्सर फिरू लागले. ज्यांच्या घरी न्याहारी म्हणजे उभ्याउभ्या चहात बुडवलेली खारी, त्या घरांत उडीद भिजू लागला. ज्या बायकांना नवऱ्याचा डबा आणि मुलांची रिक्षा यांमध्ये दम घ्यायला सवड नसे, त्या पिठाला आंबट वास आला का हे एकमेकींना फोनवर विचारू लागल्या. इडली घरी झाली, आणि मग हॉटेलातल्यासारखी कॉफीही हवीशी वाटू लागली. अण्णांच्या फोनची घंटी वाजू लागली. पावशेर द्या. आधपाव द्या. अण्णा, ते फिल्टर म्हणजे नेमके काय?

अण्णांनी माळ्यावरून पितळी फिल्टरची पोती उतरवली, जी कुणी विचारीना म्हणून पडून होती. फोन कानाला घट्ट लावून, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्यालाही येत नसावे अशा आवाजात, ते शिकवत. "वरनं दाबू नका, ताई. पाणी आपल्या पायानं खाली जातंय. घाई न्हाय." मी गॅलरीत हसू दाबत उभी असे.

बेंगळूरला आणि पुण्याला नोकरीला गेलेली मुलेही घरी परतली होती, घरूनच काम करत होती. त्यांना चिकोरी नको होती. हिंडलग्याहून एक तरुण गाडीवरून येई आणि म्हणे, "अण्णा, प्युअर पाहिजे. जरा हलकी भाजलेली." त्याचे पाहून दुसरा आला, मग चौथा, दहावा. अण्णा गॅलरीकडे मान वर करून म्हणाले, "बघा बाई. मी कुणाला उपदेश केला न्हाय, आन् सगळं गाव कॉफीपुरतं जैन झालं."

पण हलकी भाजणी फार नाजूक असते. काळीभोर भाजलेल्या बीला चिकोरी सांभाळून घेते. निव्वळ, हलकी बी एका श्वासाचीही चूक झाकत नाही. अण्णांना ते आव्हान मनापासून आवडले होते. सत्तरीच्या उंबरठ्यावर ते नव्याने शिकत होते.

दुसऱ्या लाटेत आजाराने त्यांना गाठलेच. पंधरा दिवस मागची खोली, दारापुढे ठेवलेली थाळी, आक्कांचा रडवेला आवाज. ते उठले. अशक्त, पण उठले. आणि तिसऱ्या दिवशी पिंप तापवले.

गॅलरीत मला ओल्या पोत्याचा वास आला. मग गवताचा. भाकरीचा वास जेमतेम सुरू होत होता, तोच झाकण उघडल्याचा खणखणाट झाला. मला वाटले, अशक्तपणामुळे थकले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी पुडी आणायला खाली उतरले, तेव्हा हिंडलग्याचा तरुण संकोचून उभा होता.

"अण्णा, रागावू नका. ह्या वेळची जरा कच्ची लागतीय. आई म्हणाली, डाळ भिजवलेल्या पाण्यासारखी."

"बी नवीन हाय," अण्णा म्हणाले. "चार दिवसांत बसंल चव."

बी नवीन नव्हती. पोते मी ओळखत होते. आक्कांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. तरुण गेल्यावर अण्णा स्टुलावर बसले. समोर एका ताटलीत कापूर, हिंगाचा खडा, लवंगा आणि निलगिरीच्या तेलाची बाटली अशी मांडामांड होती. मला वाटले, पूजेची तयारी असेल.

"रोज सकाळी उठून हे सगळं हुंगतोय," ते म्हणाले. "कापूर हाय का खडू हाय, कळत न्हाय. नाकाला सुतक पडलंय बाई."

कुणा व्यापाऱ्याने त्यांना सांगून ठेवले होते की, भाजलेली, दळलेली, पाकिटात सीलबंद केलेली कॉफी तो दर आठवड्याला पाठवील. अण्णांनी फक्त विकायची. ते पाकीट त्यांनी मला दाखवले. चकचकीत होते. "ह्यो धंदा वाईट न्हाय," ते म्हणाले. "पण मग पिंप भंगारात घालायचं. आन् मी इथं बसून काय करायचं? दिवाळीपर्यंत बघतो. तोवर नाक आलं तर आलं."

मी कुणी न विचारता म्हणून गेले, "सकाळी सात ते आठ मला तास नसतो, अण्णा. मला वास येतो."

त्यांनी ताटली बाजूला सारली. मग खालच्या आवाजात, निदान त्यांच्या मते खालच्या, म्हणाले, "भाईर कुणाला बोलायचं न्हाय पण."

अशी मी त्या अंगणात गेले. मास्क हनुवटीवर, बूड टेकायला पालथी बादली, मध्ये हातभर अंतर. अण्णा मूठ फिरवत आणि विचारत, "कसला येतोय?"

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "छान येतोय."

"छान म्हंजे? अत्तर बी छान असतंय. कशासारखा?"

"गोडसर."

"गूळ, साखर, का काकवी?"

वर्गात उपमांवर तासन्‌तास बोलणारी मी, एका साध्या वासासाठी शब्द शोधत बादलीवर बसले होते. आणि हा शब्द चुकला तर फक्त माझे वाक्य बिघडणार नव्हते. पाच शेर बी वाया जाणार होती. हळूहळू मी शिकले. तव्यावरून उतरलेली भाकरी वेगळी आणि चुलीच्या कडेला उभी केलेली वेगळी. शेंगदाण्याचे साल निसटण्याआधीचा वास वेगळा, निसटल्यानंतरचा वेगळा. गुळाचा पाक उकळी फुटण्याच्या बेतात असतो तेव्हा त्यातून किंचित आंबूस धार येते. ती आली, की हलकी भाजणी झाली. मी म्हणे, "पाक. आता आंबूस." अण्णांचा हात त्याच क्षणी झाकणावर पडे. मग सवयीने ते बिया चुरडत, ओंजळ चेहऱ्यापाशी नेत, डोळे मिटत. काही क्षण तसेच थांबत. मी त्या वेळी दुसरीकडे बघत असे.

हिंडलग्याचा तरुण पुन्हा येऊ लागला. "अण्णा, बसली चव."

"सांगितलंतं की न्हाय," अण्णा म्हणत, आणि माझ्याकडे चुकूनही पाहत नसत.

आज त्या जागी इडली-डोशाचे तयार पीठ पाकिटातून विकणारे दुकान आहे, आणि ते चांगले चालते. लोकांनी घरची न्याहारी सोडली नाही; मिक्सर तेवढा सोडला. अण्णा जाऊन आता दीड वर्ष होईल. आजार निराळाच होता, फार दिवस त्रास झाला नाही. आक्का निपाणीला मुलीकडे असतात. मला मात्र अण्णांचे जाणे आठवत नाही. आठवते ती दिवाळीच्या अलीकडची एक सकाळ.

हॉटेले उघडून बरेच दिवस झाले होते, पण मागणी निम्मीच राहिली होती. त्या सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलचे आप्पा पुडी न्यायला आले होते. अण्णा पुढे दुकानात त्यांच्यासाठी चिकोरी मिसळत होते. पिंपाची मूठ त्यांनी माझ्या हाती दिली होती. एवढ्या महिन्यांत तेवढी मजल मी मारली होती. दुकान आणि अंगण यांच्यामध्ये साठवणीची लांब, अंधारी खोली होती. त्यांची पाठ माझ्याकडे होती, आणि वारा रस्त्याच्या बाजूला वाहत होता.

आप्पांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "अण्णा, गिऱ्हाईक घरात कॉफी करायला शिकलं, आता हाटेलात कशाला येतंय? आन् शिकवलं कुणी? तुमीच. माझ्याच पोटावर फिल्टर ठेवलासा की."

"मग तुमी बी या की शिकायला," अण्णा म्हणाले. "फुकट शिकवतो."

मला हसू आले. तेवढ्यात कॉलेजातून फोन आला. परीक्षेच्या कामाचे काहीतरी होते. मी एका हाताने मूठ फिरवत, मान दुसरीकडे वळवून बोलत राहिले. पाकाचा वास येऊन गेला असावा. आंबूस धारही. मी होकार देत होते, तारखा लिहून घ्यायला कागद शोधत होते.

पुढच्या दुकानात काहीतरी पत्र्यावर आदळल्याचा आवाज झाला. आप्पा म्हणाले, "काय झालं अण्णा?" मी मान वळवली तेव्हा अण्णा त्या अंधाऱ्या खोलीच्या दारात उभे होते. हातात पुडी मापायचे डावले नव्हते; ते पुढेच पडले होते. टोपी मागे सरकली होती, चेहरा वर उचललेला, नाकपुड्या थरथरत होत्या. ते पिंपाकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. झाकणाच्या फटीतून निघालेली निळसर रेघ मला तेव्हा कुठे दिसली.

मी फोन टाकून झाकणाकडे धावले. "अण्णा, चुकले," मी म्हणत होते, "माझं लक्षच नव्हतं."

त्यांनी हात वर करून मला थांबवले. आणखी एकदा, सावकाश, छाती भरून श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहून मिशीपर्यंत आले होते, ते त्यांनी पुसले नाही. मग माझ्याकडे पाहून, आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर खालच्या आवाजात, ते म्हणाले,

"करपली."