देवासचा बिनछडीचा वर्ग

लहान मुलांच्या वर्गात वर्षभर बसलं, की किस्से लग्नघरच्या ओसरीवरच्या जोड्यांसारखे साठतात. एक उचलायला जावं तर चार पायांत येतात! मैत्रिणी मला म्हणतात, "तू एकदा बोलायला बसलीस की उठत नाहीस." आता बसलेच आहे, तर ऐका.

मी मूळची धारची. पुण्याला ट्रेनिंग घेऊन आले आणि देवासला थोरल्या पातीच्या शाळेत बालवर्गावर लागले. देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, सगळंच दोन दोन! आमचे हेडमास्तर तात्या. गृहस्थ भला, पण त्यांचा सगळा भरवसा निरगुडीच्या छडीवर. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या वर्गात छडी नको."

तात्या म्हणाले, "बाई, छडीशिवाय शाळा म्हणजे मिठाशिवाय वरण!"

"लहान बाळाला अळणीच भरवतात, तात्या!"

शेवटी ठरलं असं, की होळीच्या सुमाराला इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येतात, तोवर वर्ग माझ्या मनाप्रमाणे चालवायचा. साहेबांना पसंत पडला तर ठीक. नाही तर वर्ग तात्यांच्या ताब्यात, छडीसकट! मुलाचा स्वभाव ओळखता आला की छडी लागत नाही, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते.

* * *

पहिला नमुना बंडू. बाप कोर्टात कारकून, त्यामुळे पोराच्या तोंडी सगळी कचेरीची भाषा. आमच्या शाळेपुढचा रस्ता हीच दोन राज्यांची सरहद्द. अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. एके दिवशी तात्यांनी बंडूला नुसता दम दिला. बंडूनं एका उडीत रस्ता ओलांडला आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आता धरा! इथं तुमचा हुकूम चालत नाही!"

गंमत पुढेच आहे. तात्या छडी घेऊन धावले ते रस्त्याच्या कडेला येऊन खरोखरच थांबले! जन्मभर दरबारची नोकरी केलेला माणूस. परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यात पाय टाकायचा कसा? इकडे तात्या, तिकडे बंडू, आणि मधून मक्याची गाडी चाललेली.

मी तात्यांना आत पाठवलं. ज्या मुलाला हुकूम सोसत नाही, त्याला थोडा हुकूम करायला द्यावा. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या मधोमध खडूची रेघ ओढली आणि म्हटलं, "बंडोपंत, त्या बाजूची पाती तुमची. तुमच्या रयतेच्या पाट्या पुसलेल्या असाव्यात, भांडण होऊ नये. काही लागलं तर वकील होऊन माझ्याकडे यायचं."

घटकाभरात बंडोपंत हात जोडून हजर. "आमची रयत तहानलेली आहे. आणि एकीला शू लागली आहे, तिचा निकाल आधी लावा!"

* * *

सरदारांच्या घरचा साहेबराव म्हणजे जळता निखारा. त्याच्याबरोबर भेरूसिंग नावाचा सहा फुटी, मिशीवाला शिपाई येई आणि दाराशी बसे. साहेबरावाला राग आला की तो चावायचा, आणि भेरूसिंग लांबूनच हात जोडायचा, "सरकार, छोड़ दो! सरकार, जाने दो!" सरकार काही सोडत नसत.

राग येणं हा गुन्हा नव्हे. तो ठेवायचा कुठे, हे पोराला कुणी सांगितलेलं नसतं. मी कुंभाराकडून माती आणवली आणि कोपऱ्यात पाट मांडला. "राग आला की इथं यायचं. माती बडवायची, तिंबायची, आणि मग त्याचं काहीतरी करून आणायचं." पहिल्या आठवड्यात साहेबरावांनी इतके बैल केले, की आमच्या खिडकीत पोळा भरला!

एके सकाळी पाहते तर भेरूसिंग दारातच घुटमळतोय, मिशा उतरलेल्या.

"काय रे, काय झालं?"

"बाईसाब, आज म्हके बी थोड़ी माटी दई दो. घरे लड़ाई हुई गी!"

दिली. त्यानं हत्ती केला.

* * *

दिवाळीला मी धारला भावाकडे गेले. भावाची चिमी तेव्हा चार वर्षांची. आमच्या घरची रीत अशी, की पोरात काही चांगलं दिसलं तर ते आमच्याकडून आलं आणि वाईट दिसलं तर तिच्या आजोळाहून! चिमीनं श्लोक म्हटला, की माझी आई म्हणायची, "आजोबांवर गेली आहे." चिमी रुसली, की सगळे वहिनीकडे बघायचे.

त्या दिवशी फराळाला सगळे बसलो होतो. चिमीनं चकली आधी मोडून ओळीनं मांडली आणि मगच खायला घेतली. झालं! कुणी म्हणे आत्यावर गेली, कुणी म्हणे मामावर. बराच वेळ वाद चालला.

चिमीनं हातातला तुकडा खाली ठेवला. "मी माझ्यावर कधी जाणार?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसू लागली, ती थांबेचना. त्या घरात ती इतकी हसलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

* * *

आता गोदी. हिच्याबद्दल बोलताना मला अजून भरून येतं.

गोदीचा बाप राजाच्या पागेत खोगिरं शिवायचा. आई तिला शाळेत सोडून जायची, आणि गोदी यायची ती उंबऱ्यापर्यंतच. तिथंच बसायची. आत ये म्हटलं तर यायची नाही, घरी जा म्हटलं तर जायची नाही, आणि बोलायची म्हणाल तर एक अक्षर नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा तिनं उंबऱ्यावरच घेतला.

तात्या म्हणाले, "बाई, ही मुलगी मुकी आहे किंवा मंद. साहेब हिला बघताच नाव काढून टाकतील आणि तुमचा वर्गही हिच्यापायी जाईल. ओढून आत बसवा."

मी म्हटलं, "कुणी नदीत उडी मारतो, कुणी आधी पाऊल भिजवून बघतो. दोघंही पोहतात."

मी तोऱ्यात बोलले खरी, पण गोदीच्या आईची झोप उडाली होती. एक दिवस ती मला गाठून रडली. "बाई, माझी पोर मुकी नाय हो! घरी तर इतकं बोलती, की तिचा बाप कान झाकून घेतो. बकरीपुढं पाटी धरून तिला अक्षरं शिकवती. बकरी गप राहिली, तर मारत बी नाय. म्हणती, ‘हरकत नाही, उद्या येईल.’ आमच्या घरात असं कोणी बोलत नाय, बाई. कुठून शिकली कोण जाणे! तिचं नाव काढू नका. पुन्हा कोणती शाळा तिला घेणार?"

ते वाक्य तर वर्गात रोज माझ्याच तोंडी असायचं! मी तिला शब्द दिला, की मी या वर्गात आहे तोवर गोदीचं नाव कुणी काढणार नाही. पण मी तरी वर्गात कुठवर राहणार, ते साहेबांच्या हाती होतं.

* * *

आणि साहेब आले! मोठी पगडी, त्याहून मोठा आवाज. मागे तात्या, हातात छडी. तो आवाज ऐकूनच माझी वाघरं शेळपटली. बंडोपंत वकिली विसरले, साहेबराव भेरूसिंगाच्या मागे.

साहेबांनी चारसहा प्रश्न विचारले. वर्ग चिडीचूप. मग त्यांची नजर उंबऱ्यावर गेली. "ही कोण? बाहेर का? नाव काय तुझं? बोल!"

गोदी नुसती बघत राहिली.

साहेब माझ्यावर उसळले. "बाई, हा वर्ग आहे की धर्मशाळा? मुलांना धाक नको? मी स्वतः छडीचा मार खाऊन इथवर आलो! असा मार, की हात वर होत नसे! म्हणून आज माणूस झालो. तात्या, द्या ती छडी बाईंच्या हातात!"

तात्यांनी छडी पुढे केली. मी हात मागे घेतले.

तेवढ्यात गोदी उठली. उंबरा ओलांडून आत आली, सगळ्या वर्गामधून चालत साहेबांपाशी पोचली आणि मान वर करून म्हणाली,

"आजोबा, खूप दुखायचं का हो?"

साहेब हळूच पोरांच्या बस्करावर खाली बसले. पगडी काढून मांडीवर ठेवली.

"फार," म्हणाले. तात्यांनी पुढे केलेली छडी हळूच मागे घेतली.

गोदी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली.