नातवाचं नाव एडन

मी सातारा जिल्ह्यातला, सुभेदार म्हणून रिटायर झालो. नातवाच्या बारशासाठी बहरीनला आलो, बुसैतीनला लेकीच्या फ्लॅटवर. आदल्या दिवशी चहाच्या वेळी स्नेहानं नाव जाहीर केलं. एडन.

माझा कप हातातच राहिला.

"जुनं आयरिश नाव आहे, पप्पा. अर्थ, छोटा अग्नी. इथं शाळेत, ऑफिसात कुणालाही उच्चारता येईल."

बाळाची आत्या मंजिरी पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "आग कसली ठेवतेस नावात? आधीच घर डोक्यावर घेतो!"

शेजारचे रशीदभाई रत्नागिरीचे. "एडन तर बंदर आहे. आमचे आजोबा तिथं बोटीवर होते. नाव वाईट नाही."

"पप्पा, तुमचं मत?"

आता काय सांगणार, कपाळ! बोललो तर पोरीच्या हौसेवर पाणी. गप्प बसलो तर जन्मभर त्याच नावानं हाका मारायच्या. इकडे आड, तिकडे विहीर. बाहेर ऊन असं, की गॅलरीतसुद्धा सटकता येईना.

शेवटी बोललो.

लेबनॉनमध्ये शांतिसेनेत आमची बटालियन होती, शेजारी आयरिश. पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग गस्त, रिपोर्ट, रोजचं तेच. त्यांचा एक कॉर्पोरल आमच्या पोस्टवर यायचा. आमच्या लंगरची, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातली पुरी-भाजी म्हणजे त्याचा जीव की प्राण. नाव एडन. आजीनं ठेवलेलं. मित्र चिडवायचे, पाद्र्याचं नाव म्हणून. याला मात्र भारी अभिमान. त्यानं अर्थ सांगितल्यावर मी म्हणालो, आमच्यात अग्नी देव आहे, लग्न त्याच्या साक्षीनं लागतं.

"मग साब, तुमच्या लग्नाचा साक्षीदार मी!"

एका दुपारी शेलिंग सुरू झालं. आम्ही दोघं बंकरमध्ये शिरलो. पुढचा गोळा दाराशीच पडला. दार ढिगाऱ्यानं बुजलं. त्याच्या मांडीत स्प्लिंटर घुसलं होतं. मी पट्टा आवळून बांधला, रेडिओ घेतला.

"वन कॅज्युअल्टी. बंकर ब्लॉक्ड. ओव्हर."

"शेलिंग चालू आहे. वेट. आउट."

हातांनी माती उकरली. जेवढी काढावी तेवढी वरून यायची. श्वास घेतला की धूळ. रक्त थांबेना.

"साब, बोलत राहा."

मी माझ्या लग्नाची गोष्ट सांगत राहिलो. वरात, रुसलेला मामा, सगळं. बाहेरून फावड्यांचा आवाज आला तेव्हा तो गेला होता. मी त्याचा हात धरून तसाच बोलत होतो.

चहा गार झाला होता. अकाली गेलेल्याचं नाव आमच्याकडे पोराला ठेवत नाहीत, तेही सांगून टाकलं.

स्नेहा रडायला लागली. "बदलूया, पप्पा."

पण नाव ठेवायचा मान आत्याचा. मंजिरीनं मला विचारलं, "माणूस कसा होता?"

"सोन्यासारखा."

"हाक मारायला जड जाईल?"

"जाईल."

"आणि बदललं तर?"

"तर त्याला मीच दाराबाहेर उभा केला, असं वाटेल."

दुसऱ्या दिवशी तिनं बाळाच्या कानात एडन म्हटलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. जो तो पाळण्याशी येऊन म्हणत होता, लवकर मोठा हो.

माझी पाळी आली. कॉर्पोरल एडन गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

मी वाकलो. "एडन," म्हणालो, "म्हातारा हो रे, बाबा."