दोब्रिलाचं कोबीचं पान

मोरावा नदीकाठच्या त्या गावात कुणाचाही गुडघा धरला की तो लंगडत दोब्रिलाच्या फाटकाशी यायचा. दुखण्याचं कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं: समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि अंगावरून वारा गेला. इलाजही ठरलेला. लाटण्याने चेचलेलं कोबीचं पान, त्यावर आलुबुखाराच्या दारूचा शिडकावा आणि वरून लोकरीची पट्टी. डॉक्टरांचं काय, ते नुसते हाडांचे फोटो काढतात!

मग दोब्रिलाचाच गुडघा धरला. पानं बांधून बांधून परसातले कोबी बोडके झाले, पण गुडघा काही पायरी चढायला राजी होईना. शेवटी बहिणीकडे जाते अशी थाप मारून ती शहरातल्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवले. दोब्रिलाने ते स्वयंपाकघराचे पडदे ओढून केले, चोरी करावी तसे.

नातीच्या लग्नात कोलो नाचाच्या साखळीचं पुढचं टोक तिनेच धरलं. अख्खा मांडव ओरडला, "कोबीचा विजय असो!" दोब्रिलाने मान डोलावली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बालमैत्रीण रूझा काठी टेकत आली. "सोमवारी शहरातल्या त्या डॉक्टरणीकडे जायचं होतं गं. फोन करून नको म्हणून सांगितलं. तुझा नाच बघितल्यावर कोण मरायला जातंय तिकडे!"

दोब्रिलाने तिला हाताला धरून पायरीवर बसवलं. रूझा हल्ली घरातसुद्धा भिंत धरून चालायची.

"अगं बाई, मीपण तिच्याकडेच गेले होते. व्यायामाने बरी झाले. कोबीने काही झालं नाही."

रूझा फणकारली. "कृती द्यायची नाही, असं सरळ सांग ना! कुठल्या वाफ्यातला कोबी?"

दोब्रिलाने कपाळावर हात मारला आणि एक पान खुडलं. "ऐक तर. पान बांधून खुर्चीत बसायचं. पाय सरळ उचलायचा आणि अख्खी प्रार्थना म्हणून होईपर्यंत खाली टेकवायचा नाही. सकाळ-संध्याकाळ. आणि डॉक्टरणीला पाय दाखवत राहायचं. नाहीतर पान उलटतं."

"उलटतं?"

"भयंकर."

"बघ! म्हटलंच होतं, काहीतरी गुपित आहे!"

वसंतात रूझा काठीशिवाय बाजारात आली. बाया भोवती जमल्या.

"कोबी, दुसरं काय!" रूझा म्हणाली. "आणि त्या डॉक्टरणीला काडीची अक्कल नाही. इतक्यांदा गेले, पण मेलीने एकदासुद्धा पानाकडे बघितलं नाही."