आपटलेलं बियाणं

सीताबाईच्या शब्दाला मेडशी गावात वजन होतं, आणि ते काही तिला आयतं मिळालेलं नव्हतं. तिनं बायकांचा बचत गट उभा केला तेव्हा लोक हसले. गटानं बँकेकडून पैसे उचलून सोयाबीन पेरायचं बीबीएफ यंत्र आणलं, तेव्हा तर हसणाऱ्यांना आणखीच जोर चढला. पण त्या यंत्रानं रुंद वरंब्यावर पेरलेलं पीक अति पावसात सडलं नाही, पाऊस दडी मारून बसला तेव्हाही तगलं. मग तेच लोक यंत्र भाड्यानं मागायला दारात आले. सीताबाईनं दिलं, पण आधी चार शब्द ऐकवून.

यंदा तिनं आणखी एक खूळ काढलं. बियाण्याची बॅग बाजारातून आणायचीच नाही. आपल्या वावरातलं निवडक सोयाबीन राखायचं आणि गटातल्या साऱ्या जणींनी तेच पेरायचं. "बी माह्या घरचं, जबाबदारी माही," असं ती भर बैठकीत बोलून बसली. बायकांनी विश्वास टाकला, एकीनंही बॅग आणली नाही.

आता तिच्या नवऱ्याबद्दल. भगवंतराव माणूस लाखाचा, पण ताकदीचा भारी गर्व. भरलेलं पोतं एकट्यानं खांद्यावर घ्यायचं आणि घरात आणून असं धप्पकन आपटायचं, की भिंती हादरल्या पाहिजेत. पाहणारे "वा भगवंतराव!" म्हणायचे आणि गडी खूश! सोयाबीनचं साल पातळ, आपटलं की आतला कोंब मरतो, असं कृषी केंद्रातल्या ताईंनी सीताबाईला सांगितलं होतं. तिनं ते मळणीच्या वेळीच नवऱ्याच्या कानावर घातलं.

"पोतं आपटल्यानं बी मरते काय? काहीच्या काही!" भगवंतराव हसले. बाप्पा, या माणसाला कोण समजावणार! निम्मं बियाणं त्यांनी आपल्याच पद्धतीनं घरात आणलं. उरलेलं बायकांनी लहान लहान थैल्यांत भरून आणलं आणि अलगद खाली ठेवलं.

पेरणी तोंडावर आली तशी सीताबाईनं उगवण तपासायला घेतली. ओल्या गोणपाटावर दाणे ओळीनं मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं आणि वरून पाणी शिंपडत राहायचं. थैल्यांतल्या दाण्यांचं एक गोणपाट केलं, पोत्यांतल्या दाण्यांचं दुसरं. काही दिवसांनी उलगडून पाहिलं, तर पहिल्यात पांढरे कोंब दाटीनं आलेले. दुसऱ्यात निम्मे दाणे नुसते फुगून बुळबुळीत झालेले. वावर एक, मळणी एक, ठेवायची खोलीही एक. फरक होता तो फक्त त्या आपटण्याचा.

"या इकडं," तिनं नवऱ्याला हाक मारली. "पाहा तुमच्या ताकदीचं काम."

भगवंतराव खाली बसले. दाणे बोटांनी चाचपून पाहिले. "दुसरं काही झालं असंन..."

"काय झालं असंन? बोला नं आता!" सीताबाईचा आवाज चढला. "थैल्यातलं बी गटाले पुरते, आपल्या वावरासाठी उरत नायी. अन् मी बायाइले काय सांगू? नवऱ्यानं माहं ऐकलं नायी म्हणू?"

भगवंतराव उठून बाहेर गेले.

वाटपाच्या दिवशी बायका अंगणात जमल्या. सीताबाई तोंड उघडणार, तोच भगवंतराव पुढे आले. "हे थैल्यातलं चांगलं बी तुमचं," ते म्हणाले. "पोत्यातलं म्या आपटून खराब केलं. हिनं सांगतलं होतं, म्या आयकलं नायी. ते कोणी नेऊ नका. आमच्या वावरात आमी तेच दाट पेरतो."

चारचौघांत कधी मान खाली न घालणारा माणूस! इतक्या वर्षांच्या संसारात सीताबाईला तो इतका कधीच आवडला नव्हता.

गटातल्या साऱ्या वावरांत सोयाबीन झकास उगवलं. सीताबाईच्या वावरात मात्र दाट पेरूनही जागोजागी टक्कल पडलं. पण तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. शब्द राहिला होता, बायकांचं पीक उभं होतं, आणि नवरा आता शेणाची पाटीसुद्धा हळूच ठेवायला लागला होता.

एका सकाळी दोघं वावरात गेली, तर धुऱ्याच्या बांधावर गटातल्या साऱ्या जणी उभ्या. पुढे शुभांगी, गटातली सर्वांत लहान सून.

"काकू, नांग्या भरायले आलो," ती म्हणाली. न उगवलेल्या मोकळ्या जागी हातानं दाणे टोबायचे, ते हे काम. प्रत्येकीनं वाटणीतलं मूठ-मूठ बी मागं राखून पदराला बांधून आणलं होतं.

"कायले तरास घेता वं?" भगवंतराव ओशाळून म्हणाले.

"तुमचं बी आमच्या वावरात उभं हाय नं, काका? मंग तुमचं वावर उघडं कसं राहू द्यावं?"

गावाला सुनावणारी सीताबाई पदर तोंडाला लावून धुऱ्यावरच बसली, आणि रडता रडता हसायला लागली.

"उठा वं काकू," शुभांगी वरंब्यावरून ओरडली, "मातीतली ओल उडून चालली!"