वत्सलाबाईंची बॅटरीची सायकल

कळसाडीच्या वत्सलाबाई रागीट म्हणून ओळखल्या जात, आणि ते काही खोटं नव्हतं. पण त्यांचा राग काटा मोडल्यासारखा असे. कुठे मोडला ते त्यांना नेमकं ठाऊक असे, आणि तो काढल्याशिवाय त्या पुढे पाऊल टाकत नसत. बचत गटाच्या बैठकीत एकदा अध्यक्षीणबाईंचा नवराच सही करायला पुढे सरसावला, तर वत्सलाबाईंनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमना गट पारावर बसेल शे. तठे जा." तो माणूस खरंच उठून गेला.

त्यांचे यजमान छगनबापू मऊ स्वभावाचे. घरात एकाने तरी हळू बोलावं म्हणून देवाने ही जोडी जुळवली असावी. गेल्या हिवाळ्यात काचबिंदूने बापूंचा एक डोळा गेला, दुसऱ्यासमोर धुकं आलं, आणि त्यांची मोटारसायकल ओसरीत गोणपाटाखाली गेली. खरी अडचण तिथून सुरू झाली. दोन म्हशी शेतातल्या गोठ्यात बांधलेल्या. शेत गावापासून लांब, वत्सलाबाईंचे गुडघे दुखरे. चारापाणी करायला राखण्या होता, पण म्हशींना सवय एका हाताची. दुसऱ्याने कासेला हात लावला की पान्हा चोरायच्या, नाहीतर बादलीला लाथ.

तेव्हा सकाळ-संध्याकाळ पुतण्या गोपाल मोटारसायकलवरून काकींना सोडू लागला. पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग तो उशिरा येऊ लागला. मग हाक मारावी लागू लागली. मग तो बोलू लागला.

"काकी, मी काय तुमना डायवर शे का? म्हशी इकी टाका ना आते. दूध पिशवीमा भेटस."

वत्सलाबाई मागे बसून गप्प राहिल्या. त्यांच्या आयुष्यात असे गप्प बसण्याचे प्रसंग थोडेच. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसलं की तोंड बंद ठेवावं लागतं, हे त्यांना त्या वर्षी कळलं, आणि ते त्यांना म्हशींच्या लाथेपेक्षा जास्त लागलं.

तापीकाठच्या माहेरी त्या शाळेत सायकलने जात. सातवीपर्यंत. हात-पाय ते विसरले नव्हते. गुडघ्यांना झेपेल अशी बॅटरीची सायकल मिळते, तिला लायसन लागत नाही, हे त्यांनी गोपालच्या बायकोकडून, नूतनकडून ऐकलं. आणि एका बाजारच्या दिवशी गोपालला घेऊन त्या शहाद्याला पारसशेठच्या दुकानात गेल्या.

पारसच्या वडिलांपासूनचं ते सायकलचं दुकान. आधी साध्या सायकली, मग गिअरच्या, आता दर्शनी भागात बॅटरीच्या. पारसने वत्सलाबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. आणि नंतर जे काही बोलायचं ते गोपालशी बोलला. बॅटरी किती चालते, चार्जिंग कसं करायचं, मोटर कुठे असते, सगळं गोपालला. "चालाडनार मी शे," असं वत्सलाबाई म्हणाल्या, तेव्हा तो हसला आणि गोपालकडेच पाहून म्हणाला, "गोपालभाऊ, काकी या वयमा पडन्यात तं मन्हा नावनी बोंब व्हई. तुम्ही एक चक्कर मारी या. तुमले जमनी तं मंग देखू."

गोपाल बाजारातून चक्कर मारून आला. वत्सलाबाई खुर्चीवर. कपात अर्धा चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

घरी येऊन त्यांनी नूतनला गाठलं. नूतन ओट्यावर मोबाइल घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काकी, मोबाइलवर मागाडू. तठे कोणी ईचारस नही चालाडनार कोण ते. फक्त पत्ता ईचारस."

हे वत्सलाबाईंना फार आवडलं.

खोकं आलं ते एवढं मोठं, की कुरिअरवाल्याने ते टेम्पोतून ओढून ओट्याला टेकवलं आणि दुसरं काही न बोलता निघून गेला. हँडल, पुढचं चाक आणि पायडल आपणच बसवायची होती. गोपाल आधी नाक मुरडत आला, मग मोबाइलवर व्हिडिओ लावून दिवसभर त्यातच रमला. सायकल उभी राहिली. निळी, पुढे टोपली, मागे कॅरिअर, मधल्या दांडीवर बॅटरीचा काळा डबा.

नवी गाडी अंगणात आली की पूजा झालीच पाहिजे. ट्रॅक्टर आला होता तेव्हाही झाली होती. वत्सलाबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, हँडलला हार घातला, दगडावर नारळ फोडला. ट्रॅक्टरच्या वेळी नारळाचं पाणी इंजिनावर शिंपडलं होतं, कारण गाडीचा जीव इंजिनात. इथे इंजिन कुठलं? त्यांनी विचार केला आणि बॅटरीच्या डब्यावर करवंटी भक्तिभावाने ओतली. डब्याच्या कडेला चार्जिंगचं भोक होतं. त्याचं रबरी टोपण, भोक कुठे आहे हे पाहताना कोणीतरी उघडलं होतं, ते उघडंच होतं.

चार-पाच दिवस वत्सलाबाई राणीसारख्या शेतावर गेल्या. पहाटे गोपालचं दार बंद असताना त्याच्यासमोरून घंटी वाजवत जायच्या. गरज नसताना. मग बॅटरी उतरली, त्यांनी चार्जरची पिन भोकात घातली, आत चट् असा आवाज झाला, आणि चार्जरवरचा दिवा गेला तो गेलाच. वाकून पाहिलं तर भोकातून मुंग्यांची रांग येत-जात होती.

नूतनने कंपनीला फोन लावून दिला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी आली.

"मॅडम, प्रॉडक्ट में पानी गया था क्या?"

गोपाल समोरून हातवारे करत होता, नाही म्हणा, नाही म्हणा. वत्सलाबाईंना खोटं बोलायचं कारणच दिसेना.

"पानी नहीं गया. पूजा किया. नारियल का पानी डाला."

"मतलब लिक्विड गया ना, मॅडम?"

"अरे, पूजा का था!"

"लिक्विड डॅमेज वॉरंटी में नहीं आता, मॅडम. और कोई सहायता?"

"पहली तो की नहीं, और क्या करेगी बेटी?" वत्सलाबाई ओरडल्या. फोन कटला होता. थोड्या वेळाने मेसेज आला आणि नूतनने चाचरत वाचून दाखवला. आपल्या तक्रारीचं समाधान झालं आहे, असं त्यात होतं.

"कोणी करं समाधान? कोणनं व्हयनं?" वत्सलाबाईंनी विचारलं. त्यांनी पुन्हा फोन लावायला लावला. पुन्हा गाणं, दुसरी मुलगी, तेच उत्तर. भांडायला समोर माणूसच नाही, याने त्यांचा जीव कासावीस झाला. करवंटी आपल्याच हातातली होती, हे त्या कोणाला बोलून दाखवत नव्हत्या. पण त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुन्हा गोपालची मागची सीट. गोपाल आता सरळच म्हणाला, "मी सांगं नव्हतं का? बाईमाणूसनं काम नही ते." आणि त्याने छगनबापूंशी परस्पर बोलून म्हशींच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. संध्याकाळी व्यापारी येणार, हे वत्सलाबाईंना सकाळी दूध काढताना राखण्याकडून कळलं.

त्या तशाच घरी आल्या. नवऱ्याशी बोलल्या नाहीत. गोपालला म्हणाल्या, "पिकअप काढ. सायकल टाक. शहादे जानं शे." त्यांचा चेहरा पाहून गोपाल लगेच पिकअप काढायला गेला.

पारसच्या दुकानात आता एक नवी पाटी होती : ऑनलाइन घेतलेल्या गाड्या येथे दुरुस्त केल्या जाणार नाहीत. वत्सलाबाईंनी ती वाचली आणि सायकल बरोबर तिच्याखाली उभी करायला लावली.

पारसने सायकल पाहिली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "गोपालभाऊ, पाटी वाचता येस ना? माल मोबाइलवरथून लेवाना आनि दुखणं मन्हाकडे आननं? मोबाइलवाला तुमना मामा शे का? त्याले बलावा."

"मन्हासंगे बोल," वत्सलाबाई म्हणाल्या.

"काकी, गुदस्ता असाच एक जण उना. दया उनी, दुरुस्त करी दिन्ही. महिनाभरमा मोटर जळनी, तं चार माणसं लई उना मन्हा अंगवर. मन्ही चूक काय व्हती? आठे चहा पेतस, सायकलवर बसी देखतस, समदं ईचारतस, आनि घर जाईसन मोबाइलवर बटन दाबतस. मी आठे काय प्रदर्शन मांडेल शे?"

"मी बसनी का सायकलवर?" वत्सलाबाईंचा आवाज चढला. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "सांग! मी बसनी का? घेवाले मी उनी व्हती, आनि चक्कर माराले तू याले धाडं. समदं बोलनं यासंगे. एक डाव तरी मन्हा तोंडकडे देखं का?"

पारस गोंधळला. "कव्हय? माले तं आठवत बी नही, काकी."

"तेच तं! तुले आठवत बी नही. मी त्या दिनपासून जळी ऱ्हायनी, आनि तुले आठवत बी नही!"

पारसने पाना उचलला, खाली ठेवला. मग उकिडवा बसून बॅटरीचं टोपण उघडलं.

"हाई काय? मुंग्या?"

"नारळनं पानी. मीच टाकं." हे त्यांनी आणखी जोरात सांगितलं, कोणी नंतर उकरून काढू नये म्हणून.

पारस हसला. वत्सलाबाई हसल्या नाहीत. तो म्हणाला, "काकी, समदाच टाकतस. पहिल्या साले मन्हा दुकाननी दोन गाड्या अशाच गयात. तव्हयपासून नारळ मीच फोडस, चाकपुढे. आनि पहिले टोपणवर चिकटपट्टी मारस. त्या मोबाइलवालाले नारळ कसा ठाऊक राही?"

"त्याले नारळ ठाऊक नही, तुले बाई ठाऊक नही. मंग माणूसनी जावानं कोणकडे?"

पारसने मान खाली घालून काम सुरू केलं. डबा उघडला, जळून काळं झालेलं सॉकेट काढलं, चिकट झालेल्या तारा पुसल्या, दुसऱ्या एका डब्यातलं सॉकेट आणून बसवलं. चार्जर लावला. दिवा लागला. "बॅटरीनी गॅरंटी मी देनार नही," तो म्हणाला. वत्सलाबाई म्हणाल्या, "कंपनीनी दिन्ही व्हती. काय कामनी उनी?" चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. चार्जिंग होईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.

काम झाल्यावर पारस उठला, हात पुसले आणि बॅटरीच्या कुलपाची किल्ली गोपालपुढे धरली.

गोपालने दोन्ही हात खिशात घातले. कशाने ते सांगता येत नाही; काकींच्या भीतीनेही असेल. किल्ली तशीच हवेत राहिली. पारसने काकींकडे पाहिलं, खरोखर पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाला. "घ्या काकी. चार्ज अर्धाच व्हयेल शे. चढले पायडल मारज्या, बॅटरी वाचई. पाऊसमा टोपण उघडू नका. आनि... एक चक्कर मारी देखा ना, ब्रेक कसा वाटस ते."

"चक्कर मारानी नही. माले शेतवर जानं शे," असं म्हणून त्या सायकलवर बसल्या आणि बाजारातून निघाल्या. ब्रेक बरा होता. त्यांनी ते सांगितलं नाही.

शेतावर पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. गोठ्यासमोर व्यापारी म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होता आणि त्याच्याच गाडीतून आलेले छगनबापू कुंपणाला धरून उभे होते.

"बोला बापू," व्यापारी म्हणत होता, "दोन्ही देतस का एक?"

वत्सलाबाईंनी सायकल लिंबाला टेकवली. त्या काही बोलणार तोच बापू म्हणाले, "माले कसाले ईचारस, भो? म्हशी तिन्या शेतस. तिले ईचार."

वत्सलाबाई थबकल्या. पण राग असा एका वाक्याने जात नसतो.

"हाई आते सुचनं? निरोप धाडाना दिन कोठे व्हतात?"

बापूंनी मान खाली घातली. "चुकनं," ते म्हणाले.

"चुकनंच!" मग त्या व्यापाऱ्याकडे वळल्या. "तू हात काढ पहिले. नवा हात लागना का म्हैस पान्हा चोरस. इकानी नही एक बी."

व्यापाऱ्याने हात काढला आणि गाडीकडे चालू लागला. वत्सलाबाईंनी बादली घेतली, पदर खोचला आणि म्हशीच्या कुशीला डोकं टेकून बसल्या. म्हैस बिथरलेली होती. शेपटी मारत होती, पाय उचलत होती. धार काही फुटेना. तिलाही त्यांनी शिव्या घातल्या, पण हळू आवाजात, आणि कास चोळत राहिल्या. बापू चाचपडत चाचपडत कुंपणापासून आले आणि त्यांनी म्हशीपुढे पेंडीचं टोपलं सरकवलं. बऱ्याच वेळाने म्हशीने पाय टेकवला, आणि रिकाम्या बादलीत दुधाची पहिली धार वाजली.